घरचे भांडण, परका धनी

आजचा धडा एका लांबच्या देशाचा आहे. देश लांबचा आहे, पण गोष्ट ओळखीची वाटेल.

युरोपच्या पश्चिम टोकाला समुद्रात आयर्लंड नावाचे बेट आहे. ते महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडे मोठे आहे. त्याच्या शेजारी इंग्लंडचे मोठे बेट आहे. आयर्लंडमध्ये पाऊस बारमाही पडतो. म्हणून गवत भरपूर, आणि गवतावर गुरे. नऊशे वर्षांपूर्वी तिथे गाय हेच मोठे धन होते. ज्याची गुरे जास्त, तो मोठा माणूस. लढाई म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याची गुरे हाकून आणणे.

राजेच राजे

त्या एवढ्याशा बेटावर लहानमोठे शंभराहून जास्त राजे होते. कोणाचे राज्य आपल्या एखाद्या तालुक्याएवढे, तर कोणाचे त्याहूनही लहान. लहान राजा मोठ्या राजाचा मांडलिक असे. मोठे राजे थोडे होते. लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट, अल्स्टर आणि मीथ हे मोठे प्रांत. प्रत्येक प्रांताच्या राजाला वाटे, की आपण साऱ्या बेटाचे महाराजा व्हावे.

मन्स्टरचा ब्रायन बोरू १००२ साली महाराजा झाला. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत त्याच्या बाजूचा जय झाला, पण तो स्वतः मारला गेला. पुढे दीडशे वर्षे महाराजा होण्यासाठी प्रांताप्रांतांत ओढाताण चालली.

गादी कोणाची?

तुम्ही म्हणाल, बापामागे थोरला मुलगा राजा होत असेल. तिथे तसे नव्हते. राजाच्या पणजोबापासूनचे सगळे वंशज हक्कदार. मुलगा, भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ, सगळेच. त्यांतून सर्वांत लायक असेल तो निवडायचा, असा रिवाज. रिवाज ऐकायला चांगला वाटतो. पण लायक कोण, हे ठरवायचे कोणी? शेवटी ज्याच्या हातात बळ, तोच लायक ठरे.

यातून भाऊबंदकी माजली. अंगात व्यंग असलेला माणूस राजा होऊ शकत नसे. म्हणून भाऊबंद एकमेकांचे डोळे काढीत. कॉनॉटचा रोरी ओ कॉनर ११५६ साली राजा झाला, तेव्हा त्याने आपल्याच भावांना कैद केले, आणि एका भावाचे डोळे काढले. लेन्स्टरचा राजा डर्मट मॅक मरो याने ११४१ साली आपल्या प्रांतातल्या १७ सरदारांना मारले किंवा आंधळे केले.

देशात कायदे होते. कायदा सांगणारे जाणकारही होते. पण राजाला निवाडा मानायला लावील, असे कोणी नव्हते. म्हणून राजे एकमेकांकडून ओलीस घेत. मांडलिकाचा मुलगा आपल्या घरी आणून ठेवायचा. मांडलिक उलटला, की मुलाचा जीव गेला.

डर्मट आणि टिर्नन

आता दोन राजांची गोष्ट ऐका. एक हा लेन्स्टरचा डर्मट. दुसरा ब्रेफ्नी राज्याचा टिर्नन ओ रूर्क. दोघांच्या मध्ये मीथ प्रांत. मीथची जमीन कसदार, गवत चांगले. दोघांचाही तिच्यावर डोळा. वैराचे मूळ ते.

११५२ साली डर्मटने टिर्ननची बायको डर्वोर्गिल हिला पळवून नेले. तिची गुरेढोरे आणि सामानही नेले. ती आपखुशीने गेली की बळाने नेली, यावर जुन्या बखरींचे एकमत नाही. पुढच्या वर्षी ती परत आली. ही बाई मोठी दानशूर होती. ११५७ साली तिने मेलिफॉन्टच्या मठाला ६० औंस सोने दिले.

पुढे लोक म्हणू लागले, की एका बाईपायी देश गेला. पण सालांचा हिशोब करा. बाईला नेले ११५२ साली. डर्मटचे राज्य गेले ११६६ साली. मध्ये चौदा वर्षे गेली. टिर्ननच्या मनात राग होताच. पण नुसत्या रागाने राज्य जात नाही. मग ते गेले कशाने?

मोडलेला शब्द

त्या वेळी उत्तरेचा मर्टो मॅक लॉक्लिन हा महाराजा होता. डर्मट त्याच्या बाजूचा. त्याच्या जिवावरच डर्मट टिकून होता. अल्स्टरच्या राजाने या महाराजाविरुद्ध बंड केले. मग तह झाला. तहाला एक मोठे धर्मगुरू आणि एक शेजारचा राजा जामीन राहिले. अल्स्टरच्या राजाला अपाय करणार नाही, असा शब्द महाराजाने दिला. पण ११६६ साली त्याने तो शब्द मोडला. त्या राजाचे डोळे काढले.

मग काय झाले? जामीन राहिलेला राजाच उलटला. "माझ्या शब्दावर तो विसंबला होता," हे त्याच्या मनाला लागले असेल. त्याने फौज घेतली. टिर्ननही त्याला मिळाला. महाराजाची माणसे त्याला सोडून गेली. त्याच वर्षी तो लढाईत पडला.

आता डर्मट उघडा पडला. रोरी ओ कॉनर महाराजा झाला. टिर्नन रोरीच्या बाजूचा. लेन्स्टरच्या सरदारांनीही जुने घाव विसरले नव्हते. सगळ्यांनी मिळून डर्मटला हाकलून दिले.

परक्याला बोलावणे

डर्मट समुद्र ओलांडून गेला. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री त्या वेळी फ्रान्सकडे होता. डर्मट तिथे जाऊन त्याला भेटला, त्याचा मांडलिक झाला, आणि माझे राज्य मला मिळवून द्या म्हणाला. हेन्री स्वतः आला नाही. पण ज्याला डर्मटच्या मदतीला जायचे असेल त्याने जावे, असे पत्र त्याने दिले.

रिचर्ड द क्लेअर नावाचा एक सरदार तयार झाला. लोक त्याला स्ट्राँगबो म्हणत. डर्मटने त्याला कबूल केले, "माझी मुलगी ईफा तुला देतो, आणि माझ्यामागे माझे राज्यही तुझे."

११६७ साली डर्मट थोडी माणसे घेऊन परत आला. पण तो हरला. टिर्ननला त्याने बायकोच्या अपमानाची भरपाई म्हणून १०० औंस सोने दिले. म्हणजे सुमारे अडीचशे तोळे. भांडण तिथे मिटायला हरकत नव्हती. पण डर्मटला सगळे राज्य परत हवे होते.

११६९ साली परके शिपाई जहाजांतून उतरले. त्यांच्या अंगावर चिलखते होती. घोडेस्वार होते, तिरंदाज होते. डर्मटने रोरीशी तह केला, मुलगा ओलीस ठेवला, आणि परक्यांना परत पाठवतो असे गुपचूप कबूल केले. पण ११७० साली स्ट्राँगबो स्वतः फौज घेऊन आला. त्याने वॉटरफर्ड शहर घेतले, ईफाशी लग्न केले, मग डब्लिन घेतले. रोरीने डर्मटचा ओलीस मुलगा ठार केला.

११७१ साली डर्मट मेला. राज्य स्ट्राँगबोच्या हाती गेले. आपलाच सरदार स्वतंत्र राजा होईल, ही भीती आता हेन्रीला पडली. त्याच वर्षी तो मोठी फौज घेऊन आयर्लंडात उतरला. बरेच आयरिश राजे एकेक करून त्याच्यापुढे वाकले. 

पुढे काय झाले?

११७२ साली बोलणी करायला गेलेला टिर्नन इंग्रजांच्या माणसांकडून मारला गेला. ११७५ साली रोरीने हेन्रीशी तह केला. खंडणी ठरली, दर दहा जनावरांमागे एक कातडे. पुढे रोरीच्या घरातच भांडणे लागली. ११८३ साली त्याने राज्य सोडले. ११९८ साली तो काँगच्या मठात मेला. आयर्लंडचा तो शेवटचा महाराजा.

साऱ्या बेटावर पक्के राज्य बसवायला इंग्रजांना आणखी चारशे वर्षे लागली. १९२२ साली आयर्लंडच्या ३२ जिल्ह्यांपैकी २६ जिल्ह्यांचे वेगळे राज्य झाले. म्हणजे परका आला, तो साडेसातशे वर्षांनी गेला. सहा जिल्हे इंग्लंडच्याच राज्यात राहिले.

डर्मट एकटाच दोषी होता का? परक्याला दार त्याने उघडले, हे खरे. पण ते दार आधीच खिळखिळे झाले होते. वारसाचा नियम पक्का नव्हता. दिलेला शब्द पाळला जात नव्हता. निवाडा मानायला कोणी तयार नव्हते. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपली. पण ती तिकडेही खरी ठरली.

नवे शब्द

मांडलिक – मोठ्या राजाच्या हाताखालचा राजा
ओलीस – वचन पाळले जावे म्हणून ठेवून घेतलेला माणूस
जामीन – दुसऱ्याच्या वचनाची हमी घेणारा
खंडणी – मांडलिकाने द्यायची ठरलेली वस्तू किंवा पैसा

सांगा पाहू

१. डर्मट आणि टिर्नन यांच्या वैराचे मूळ कशात होते?
२. जामीन राहिलेला राजा महाराजावर का उलटला?
३. डर्मटने स्ट्राँगबोला काय काय कबूल केले?
४. वाटणीचा आणि वारसाचा नियम आधीच लिहून ठेवला, तर कोणती भांडणे टळतात? आपसांत बोला.