नौकेचा विमा

विमापत्र हातीं आलें कीं नौकेवर येणाऱ्या सर्व अरिष्टांची भरपाई मिळते, अशी आमची समजूत होती. सन 1963 चा भारतीय सागरी विमा कायदा वाचला आणि ती दूर झाली. तेथें सागरी संकट म्हणजे आकस्मिक अपघात. वारा व लाटा यांचा नित्य मारा नव्हे. अशा संकटांचा विमा असेल, तर वादळांत खडकावर आदळून फुटलेल्या होडीची भरपाई मिळते. परंतु वापरानें झिजलेल्या फळ्या व उंदरांनीं केलेली नासधूस (बिचाऱ्या उंदरांस कायद्यानें नांवानिशीं गोवलें आहे!) यांची, करारांत निराळें लिहिलें नसल्यास, मिळत नाहीं. मुदतीच्या विम्यांत मालकानें जाणूनबुजून नादुरुस्त होडी समुद्रांत लोटली व त्या दोषामुळेंच ती बुडाली, तर विमा कंपनी जबाबदार नसते. आणि केवळ होडीचाच विमा उतरविला असेल, तर तीवरील तांडेल व खलाशी त्यांत येत नाहींत. त्यांचा विमा निराळाच उतरवावा लागतो.