कथालेखकाला शुद्धलेखन माफ असते का?

प्रश्न : मी कथा-कविता लिहिते. मैत्रीण म्हणते, भावना पोहोचली की झाले. ऱ्हस्व-दीर्घ मुद्रितशोधक बघून घेईल. शिवाय ग्रामीण कादंबऱ्यांत सगळे ‘अशुद्ध’च छापलेले असते. मग ललित लेखकाने एवढी काळजी का करावी?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची गुंतागुंत झाली आहे. शब्द कसा लिहायचा, हे लेखननियम सांगतात. ते माणसांनी ठरवलेले असतात आणि बदलतातही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ सालचे. १९७२ मध्ये आणखी ४ आले. त्याआधीच्या पुस्तकांत उच्चारात नसलेले अनुस्वार दिसतात, ते तेव्हा शुद्धच होते. व्याकरण मात्र बोलण्यातच असते. ‘माझी मदत कर’ यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही, पण मराठी वळण आहे ‘मला मदत कर’.

आता सवलतीचे. ती नियमांनीच दिली आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालते; एरवी ‘असे केले’ लिहायचे. वृत्तात बसवताना कवीला ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक आहे. पण ती कशासाठी, हे पाहा. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयात वृत्तात आहेत. ओळीत बारा अक्षरे, एक लघु आणि दोन गुरू असा क्रम चार वेळा. एक अक्षर चुकीचे दीर्घ झाले की चाल अडखळते. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब सर्वांत काटेकोरपणे ठेवतो तो वृत्तात लिहिणारा कवीच.

बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणे हा तर मोठाच गैरसमज. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली माणसे वऱ्हाडी बोलतात. वऱ्हाडीत ‘मला, तुला’ऐवजी ‘मले, तुले’ येते आणि ते नेमाने येते. बोलीलाही व्याकरण आहे. तुमचे पात्र एका वाक्यात ‘मले’ आणि कारण नसताना पुढच्यात ‘मला’ म्हणू लागले, तर विदर्भातल्या वाचकाला ते लगेच खटकेल. त्याचा त्या माणसावरचा विश्वासच उडेल, आणि कथेत तो गेला तर भावना पोहोचणार कुठून?

राहिला मुद्रितशोधक. ‘आणी’चे ‘आणि’ तो नक्की करील. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही शब्द खरे. तुम्हाला कोणता हवा, ते संदर्भ धूसर असेल तर त्याला कळणार नाही. ‘सासूने सुनेला सांगितले, की तिची आई आली आहे’ या वाक्यात आई कोणाची, हे तर तुम्हीच सांगू शकता.

पहिला खर्डा मात्र बेधडक लिहा. दुसऱ्या हाताला अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ जवळ घ्या, आणि संवाद मोठ्याने वाचा.