केदारनाथहून निघालेले हेलिकॉप्टर दरीत का झुकले?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही केदारनाथला पायी चढून गेलो. सासूबाईंचे गुडघे धरल्यामुळे उतरताना मात्र हेलिकॉप्टर घेतले. बसण्याआधी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभे केले, पिशव्यासुद्धा तोलल्या. जमिनीवरून जेमतेम उचलल्यावर हेलिकॉप्टर नाक खाली घालून दरीत घसरल्यासारखे झाले आणि पोटात गोळाच आला. आदल्या दिवशी दुपारी मंदिराजवळ लख्ख ऊन होते, तरी फेऱ्या बंद होत्या. वजनाची ही काटेकोरी, ती उडी आणि दुपारची बंदी, यांमागे काय कारण?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पोटात गोळा आला असेल, पण ती उडी वैमानिकाने विचारपूर्वक घेतलेली होती. ती समजायला आधी हवेचे वजन पाहावे लागते.

हेलिकॉप्टरची पाती हवा खाली रेटतात आणि त्या रेट्याच्या उलट धक्क्याने यंत्र वर उचलले जाते. रेटायला हवा जितकी दाट, तितका धक्का मोठा. मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात एक घनमीटर हवा साधारण १.०५ किलो भरते. केदारनाथला ती जेमतेम ०.८ किलो असते. उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. तुम्ही जिथून चालायला सुरुवात केली ते गौरीकुंडच १,९८२ मीटरवर आहे आणि मंदिर ३,५८३ मीटरवर. पातळ हवेत पात्यांचा जोर कमी पडतो, आणि त्याच वेळी इंजिनालाही प्राणवायू कमी मिळून त्याची ताकद घटते. दोन्हीकडून तूट आल्यावर कमी करता येण्याजोगे एकच उरते, ते म्हणजे ओझे. म्हणून तुमचे वजन, पिशवीचे वजन आणि टाकीतले इंधन हे सगळे मोजून मगच कोण कोणत्या फेरीत बसेल ते ठरते. तिथे एका वैमानिकासह सहा प्रवासी नेणारी लहान यंत्रे चालतात. त्यांत दहा-वीस किलोंचा फरकही हिशेबात धरावा लागतो.

आता ती उडी. हेलिकॉप्टरला सर्वांत जास्त ताकद लागते ती एका जागी अधांतरी थांबायला. विहिरीत एका जागी पाय मारत तरंगताना माणूस लवकर थकतो आणि पुढे पोहत गेला की श्रम कमी होतात, तसेच हे. स्थिर यंत्राची पाती स्वतःच खाली लोटलेल्या, खळबळलेल्या हवेत फिरत राहतात. पुढे वेग घेतला की त्यांना सतत ताजी, शांत हवा मिळते आणि तेवढ्याच ताकदीत जास्त उचल साधते. जमिनीलगत असताना खाली दबलेल्या हवेचाही थोडा आधार असतो, पण हेलिपॅडची कड ओलांडली की तो संपतो. म्हणून वैमानिक नाक खाली करतो, थोडी उंची खर्च करून वेग कमावतो आणि मग सरळ उडतो. समोरची दरी त्याच्या सोयीचीच असते.

पातळ हवेत यंत्र कुठवर जाऊ शकते, याची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण तिचे नाते भारताशी आहे. आपल्या सैन्याला हिमालयात चालेल असे हेलिकॉप्टर हवे होते, त्या गरजेतून फ्रान्समध्ये ‘लामा’ घडले. २१ जून १९७२ रोजी ज्याँ बूले यांनी ते १२,४४२ मीटरपर्यंत नेले. तिथे इंजिन बंद पडले आणि वाऱ्याच्या झोताने आपोआप फिरणाऱ्या पात्यांच्या भरवशावर ते सुखरूप खाली उतरले. याच ‘लामा’ची हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेली आवृत्ती म्हणजे ‘चीता’. सियाचिनच्या चौक्यांना तिने वर्षानुवर्षे रसद पुरवली. पुढे १४ मे २००५ रोजी दिदिए देलसाल यांनी दुसऱ्या एका फ्रेंच बनावटीच्या हेलिकॉप्टरने थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकण्याचा पराक्रम केला. तिथे ते एकटे होते, प्रवासी नव्हते.

दुपारच्या बंदीची कारणे दोन. ऊन चढले की हवा आणखी पातळ होते. शिवाय तापलेल्या उतारांवरून वारा दरीतून वर चढू लागतो, सोबत बाष्प आणतो आणि मंदाकिनीचे अरुंद खोरे ढगांनी भरते. मंदिरापाशी ऊन असताना खाली गौरीकुंडाच्या वर ढगांचा पडदा असू शकतो, आणि तिथे वैमानिक डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगरांवर भिस्त ठेवूनच उडतो. मात्र सकाळ म्हणजे हमी नव्हे. १५ जून २०२५ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमाराला गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातले एक जोडपे आणि त्यांचे चिमुकले मूलही होते. १८ ऑक्टोबर २०२२ च्या अपघातातही सात जणांचे प्राण गेले होते.

केदारपीठ हे वीरशैवांच्या पंचपीठांपैकी एक आणि मंदिराचे रावल, म्हणजे मुख्य पुजारी, त्याच परंपरेतले, त्यामुळे सोलापुरातून तिकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की फेरी रद्द झाली तर खिडकीवर हुज्जत घालू नका. परतीचे आरक्षण चुकेल म्हणून आपण घातलेला दबाव शेवटी वैमानिकापर्यंत पोहोचतो. बेत आखतानाच एक दिवस मोकळा ठेवा. हेलिकॉप्टरचे आरक्षण आयआरसीटीसीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, कारण बनावट तिकिटांनी अनेकांना फसवले आहे.

तुम्ही विचारलेले नाही, पण चढताना पायी आणि उतरताना हेलिकॉप्टर हा तुमचा क्रम मला पसंत आहे. उतरणीचा मार गुडघ्यांवर बसतो, तो टळतो. उलट दहा मिनिटांत उडून वर गेलेल्या माणसाला सुरुवातीला ठणठणीत वाटते. उंचीचा त्रास बहुधा काही तासांनी डोके वर काढतो, म्हणून रात्री वर मुक्काम असेल तर त्याने विशेष सावध राहावे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वैद्यकीय मदत गाठायची आणि लगेच खाली उतरायचे. उजाडल्यावर हेलिकॉप्टर येईल म्हणून थांबायचे नाही, मिळेल त्या साधनाने निघायचे.