भिंतीवरून कागदावर

बिहार राज्याच्या उत्तर भागात, गंगेपासून नेपाळच्या सीमेपर्यंत जो सपाट प्रदेश पसरला आहे, त्यास मिथिला म्हणतात. जनक राजाची आणि सीतेची भूमी म्हणून हे नाव तुम्ही ऐकलेच असेल. भूमी सुपीक आहे. परंतु नद्यांना पूर आले की उभी पिके वाहून जातात आणि पाऊस रुसला की त्याच शेतांना भेगा पडतात. येथील पुष्कळशी घरे पूर्वी मातीची असत. रस्त्याने जाणाऱ्याला त्यांत विशेष असे काही दिसत नसे. खरी शोभा आत असे. ज्या खोलीत नवपरिणीत वधूवरांना बसवीत, तिच्या भिंती चित्रांनी भरून जात. कमळांची वर्तुळे, बांबूचे बेट, मासे, कासव, पोपट, चंद्र आणि सूर्य! या खोलीला तेथे कोहबर म्हणतात.

ही चित्रे स्त्रिया काढीत. त्यासाठी शाळा नव्हती की पुस्तक नव्हते. आपल्याकडे मुलगी आईच्या शेजारी बसून रांगोळीचे ठिपके जोडू लागते, तशीच मिथिलेतील मुलगी आजीच्या हाताखाली रेघ ओढू लागे. अंगणात तांदळाच्या पिठाची जी नक्षी काढतात तिला अरिपन असे नाव आहे. लग्नकार्य निघाले की भिंत सारवून जुने चित्र पुसायचे आणि त्यावर नवे काढायचे, ही रीत. ते कोणी काढले, असे विचारण्याची रीत मात्र नव्हती. चित्र घराचे असे, काढणारीचे नसे.

जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरांच्या भिंती कोसळल्या आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्या. हानीची पाहणी करीत फिरणाऱ्या विल्यम आर्चर या ब्रिटिश अधिकाऱ्यास त्या पडक्या भिंतींवरील चित्रे दिसली. तो थक्क झाला. पुढे १९४९ साली त्याने मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांविषयी लेख लिहिला, त्यामुळे जाणकारांना मिथिलेची कला ठाऊक झाली. परंतु ज्या स्त्रियांनी ती चित्रे काढली होती, त्यांच्या जीवनात या लेखाने काहीच फरक पडला नाही.

फरक पडला तो एका दुष्काळामुळे. १९६६ आणि १९६७ या वर्षी बिहारमध्ये पाऊस झाला नाही. धान्य संपले. दुष्काळी कामांवर जाऊन माती वाहावी, तर अनेक घरांतील स्त्रिया पडद्यात राहणाऱ्या. त्यांनी उंबरठा ओलांडणे समाजाला मान्य नव्हते. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाने एक निराळाच विचार केला. हे मंडळ १९५२ मध्ये स्थापन झाले होते आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी अनेक वर्षे त्याचे अध्यक्षपद भूषविले होते. स्त्रियांना घराबाहेर काढता येत नसेल, तर काम त्यांच्या घरात न्यावे. भिंतीवरचे चित्र कागदावर आले, तर ते विकता येईल, अशी ही कल्पना होती. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ती अमलात आली आणि या कामासाठी ज्यांना मिथिलेत पाठविण्यात आले, ते होते मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी.

कुलकर्णी कागदाचे गठ्ठे घेऊन मधुबनीच्या आसपासच्या खेड्यांतून हिंडू लागले. एका परक्या पुरुषाशी बोलायचे कसे, हा स्त्रियांपुढील पहिला प्रश्न. मंगलकार्यासाठी काढायचे चित्र पैशासाठी काढावे काय, हा दुसरा. कागद त्यांना अगदीच अनोळखी होता असे नाही. कुंकू बांधून देण्याच्या कागदावर त्या चित्रे काढीतच असत. तरीही आरंभी फार थोड्या जणी पुढे आल्या. जितवारपूर गावच्या सीतादेवी व जगदंबादेवी, रांटी गावच्या महासुंदरीदेवी या त्यांपैकी होत.

कागद तयार करण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. शेण पाण्यात कालवून त्याचा पातळ हात कागदावर फिरवितात. तो वाळला की कागदाला मातीच्या भिंतीचा रंग चढतो. काजळीपासून काळा रंग, हळदीपासून पिवळा, फुलापानांपासून इतर रंग मिळतात. बांबूची बारीक कामटी हीच लेखणी. रंग भरायचा असेल तेव्हा काडीला कापूस गुंडाळला की झाला कुंचला. कोणी ठळक रेघांच्या आत रंग भरून टाकी, तर कोणी नुसत्या नाजूक रेघांनीच सारी जागा विणून काढी. पहिल्या पद्धतीला भरनी आणि दुसरीला कचनी म्हणतात. खोडरबराचे येथे काम नाही. रेघ एकदा उमटली की उमटली.

चित्रे दिल्लीस गेली, विकली गेली आणि पैसे घरी आले. ते स्त्रियांच्या हातात पडले, ही गोष्ट त्या गावांना नवी होती. कागदाच्या कोपऱ्यात आता चित्रकर्तीचे नावही दिसू लागले. १९७५ मध्ये जगदंबादेवींना आणि १९८१ मध्ये सीतादेवींना ‘पद्मश्री’ मिळाली.

या सर्वांत गंगादेवींची कथा मला फार महत्त्वाची वाटते. त्यांना मूल नव्हते, म्हणून पतीने दुसरा विवाह केला आणि त्यांच्यावर घर सोडण्याची पाळी आली. हाती राहिली ती बांबूची कामटी. तिच्या बळावर त्या उभ्या राहिल्या. १९८५ साली भारत महोत्सवाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. तेथील उंच पाळण्यागाड्यांत बसून किंचाळणारी माणसे त्यांनी पाहिली आणि कोहबरातील त्याच नाजूक रेघांनी ती कागदावर उतरविली. पुढे त्यांना कर्करोगाने गाठले; तेव्हा रुग्णालयातील खाटा, परिचारिका आणि आपले दुखणेही त्यांनी चितारले. आजारी असतानाच दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक संपूर्ण कोहबर रंगविला. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. तो कोहबर मात्र टिकला नाही. २०१५ साली संग्रहालयाची दुरुस्ती चालू असता त्या भिंती पुसल्या गेल्या. ज्या ठिकाणी कला जपावयाची, त्याच ठिकाणी हे घडावे, याचे अनेकांना अतोनात दुःख झाले.

नाव झाले म्हणून सगळे प्रश्न सुटले, असे नव्हते. मागणी वाढली तसे व्यापारी गावात येऊ लागले. ते तीच ती चित्रे झटपट काढावयास सांगत आणि अगदी कमी भावात गठ्ठ्यांनी उचलून नेत. एकटी बाई व्यापाऱ्याशी घासाघीस कशी करणार? यावर उपाय म्हणून १९७७ मध्ये कलावंतांची एक संघटना जितवारपूर येथे उभी राहिली. रेमंड ओवेन्स या अमेरिकन अभ्यासकाचे तिला साहाय्य होते. ओवेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत जी संस्था काढली, तिची रीत तर मोठी न्यायाची होती. चित्र घेताना एकदा पैसे द्यायचे आणि ते परदेशात विकले गेल्यावर होणारा नफा पुन्हा चित्रकर्तीकडे पाठवायचा! या संस्थेच्या मदतीने २००३ साली मधुबनीत मुलामुलींना विनामूल्य चित्रकला शिकविणारी शाळाही निघाली. त्याआधीच गौरी मिश्रा या प्राध्यापिकेने ‘सेवा मिथिला’ ही संस्था काढून स्त्रियांना काम मिळवून देण्यास प्रारंभ केला होता.

अशा आधाराची गरज का, हे आपल्याच महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून कळेल. ठाणे व पालघर भागांतील वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. भास्कर कुलकर्णी पुढे तेथेही गेले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे असामान्य गुण त्यांनी ओळखले आणि वारली चित्रकला जगभर पोहोचली. जिव्यांची थोरवी निःसंशय आहे. पण कागदावर नाव झाले ते बहुतेक पुरुषांचे. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी मागेच राहिल्या.

मिथिलेतही आरंभी पुढे आल्या त्या मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांतील स्त्रिया. दुसाध समाजाच्या दलित स्त्रियांना कोहबराची चित्रे आपली म्हणता येत नव्हती. १९७० नंतर एरिका मोझर या जर्मन विदुषीने त्यांना स्वतःच्या कथा काढावयास सुचविले. तेव्हा चानोदेवींनी अंगावर गोंदण्याची नक्षी कागदावर आणली आणि आपल्या समाजाचा वीर राजा सलहेस याची कथा तिच्यात गुंफली. गोंदणाला तेथे गोदना म्हणतात; चित्रांच्या या नव्या पद्धतीसही तेच नाव मिळाले.

आणि दुलारीदेवी? रांटी गावच्या मल्लाह, म्हणजे मासे धरणाऱ्या समाजात त्यांचा जन्म झाला. बालपणीच लग्न झाले, ते टिकले नाही. तान्ही मुलगी दगावली. माहेरी परतल्यावर महासुंदरीदेवी आणि त्यांच्या जाऊबाई कर्पूरीदेवी यांच्या घरी त्या केर काढू लागल्या, भांडी घासू लागल्या. तेथे दिवसभर चित्रे चाललेली असत. काम आटोपले की दुलारी ती पाहत राही. मग अंगणातल्या ओल्या मातीवर काडीने रेघा ओढू लागे. घरच्या दोघी मालकिणींनी ते पाहिले आणि तिला हाकलून न देता आपल्याजवळ बसवून शिकविले. तिच्या चित्रांत तळी आली, जाळी आली, टोपल्या भरून मासे आले. लिहितावाचता न येणाऱ्या दुलारीदेवी, चित्राखाली घालण्यासाठी, आपले नाव लिहावयास शिकल्या. २०२१ साली त्यांना ‘पद्मश्री’ देण्यात आली.