मोठ्या चिप्स पुढे ठेवा

हैदराबादच्या मलकपेठेच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती १८८६ मध्ये सुरू झाल्या. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्या मौला अलीहून इथे आणल्या. पैजेवरून होणारे वाद त्यामुळे या वस्तीला नवे नाहीत. शर्यतीत हरकत घेतली गेली तर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, निकाल देतात, पहिला आलेला घोडा खालीही जाऊ शकतो. म्हणून इथले जुने लोक निकाल पक्का झाल्याशिवाय तिकीट फाडत नाहीत.

पण हल्ली आसपासच्या फ्लॅटमध्ये शनिवारी रात्री पैसे लावून पोकर चालतो. मलाही बोलावणं येतं. मी जात नाही, आणि तरुण शेजाऱ्यांनीही जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

का, ते कळावं म्हणून गोव्यात मांडवी नदीवरच्या एका कॅसिनोत पाहिलेला डाव सांगतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी समोरच्याची चवड पाहिली. सगळ्या लहान चिप्स, फार तर चार-पाच हजारांच्या. समोरचा ‘ऑल-इन’ (सगळ्या चिप्स लावल्या) म्हणाला, यांनी ‘कॉल’ (तेवढेच लावतो) म्हटलं आणि ते हरले. मग त्या चवडीमागून, मनगटाच्या आडून, दहा-दहा हजारांच्या चिप्स बाहेर आल्या. आवाज चढले. डीलरने पॉटला, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सना, हात न लावता फ्लोअर मॅनेजरला बोलावलं. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि झाकलेल्या चिप्सचे पैसे मिळणार नाहीत, असं सांगितलं. वाद तिथेच मिटला.

नियमही तसाच आहे. जास्त किमतीच्या चिप्स कायम दर्शनी आणि ओळखू येतील अशा ठेवायच्या. मागे दडलेली चिप नंतर सापडली, तर जिंकलात तरी तिचे पैसे मिळतीलच असं नाही. हरलात तर ती प्रतिस्पर्ध्याला दिली जाऊ शकते. मात्र ‘कॉल’ म्हणणाऱ्यानेही डोळे मिटून बसू नये. ऑल-इन झालेल्याची नेमकी रक्कम मोजून घेण्याचा हक्क त्याला आहे, आणि तो बोलण्याआधीच वापरायचा असतो. एकदा कॉल केला की समोर दिसणारी रक्कम मोजण्यात डीलरची चूक झाली, तरी सहसा खरी रक्कमच द्यावी लागते.

आपल्या पाळीत तोंडातून गेलेला शब्द बांधून ठेवतो. पाचशेच्या चालीवर न बोलता हजाराची एकच चिप टाकली, तर तो नुसता कॉल धरतात, रेझ (वाढ) नाही. चिप्स थोड्या थोड्या करून पुढे सरकवू नयेत आणि पॉटमध्ये फेकू तर मुळीच नयेत, कारण मग कोणी किती घातले ते कुणालाच सांगता येत नाही. पॉट हातात येईपर्यंत आपले पत्ते सोडू नका.

फ्लॅटमध्ये हे सगळे नियम पाळले तरी निवाडा कोण देणार? घरमालक स्वतःच खेळत असतो. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. त्याच्या आधारावर पुष्कळ जण अजून निर्धास्त आहेत. पण तेलंगणाने २०१७ मध्ये १९७४ च्या गेमिंग कायद्यात बदल केला, आणि पैसे लावून खेळण्यासाठी कौशल्याच्या खेळांना असलेली सवलत उरली नाही. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवतं. जिंकलेले पैसे कोणी बुडवले तर दावा लावता येत नाही, आणि पोलिसांत गेलात तर पहिले आरोपी तुम्हीच.

बिनपैशाचा डाव असेल तर मी आनंदाने बसतो. चिप्स वाटण्याआधी न खेळणाऱ्या एकाला निवाड्यासाठी नेमायला लावतो, आणि मोठ्या चिप्स पुढे घेतल्याशिवाय पत्ते वाटू देत नाही.