विज्ञानकथा कशी पाहावी

मधल्या सुट्टीत आठवी-नववीचे विद्यार्थी व्हरांड्यात जमून ज्या विषयावर तावातावाने वाद घालतात तो क्रिकेटच असतो असे आता राहिलेले नाही. अंतराळयाने, बोलकी यंत्रे, परग्रहावरील प्राणी, काळाच्या उलट दिशेने प्रवास करणारे वीर, यांच्या चित्रमालिका घरोघरी दूरचित्रवाणीवर आणि हातातील मोबाइलवर पाहावयास मिळतात. कोणती मालिका सरस, कोणाचे यान अधिक वेगवान, यावरून वर्गात दोन तट पडतात. पालकसभेत मात्र याच गोष्टीविषयी तक्रारीचा सूर ऐकू येतो. 'मुलगा रात्र रात्र तीच याने पाहतो, पुस्तकास हात लावीत नाही,' असे कित्येक पालक सांगतात. त्यांची चिंता रास्त आहे. झोप मोडून पाहिलेल्या कोणत्याही गोष्टीने मुलाचे हित होत नाही. तथापि ही आवडच मुळासकट उपटून टाकावी, हे आम्हास मान्य नाही. तिला वळण लावणे शक्य आहे, आणि ते कसे लावावे याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

पडद्यावर चमत्कार पाहण्याची हौस नाशिककरांस नवी नाही. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके १८७० साली जवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मले, आणि १९१८ पासून त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकातच चित्रपट काढू लागली. देव प्रकट होतात, हनुमान उड्डाण करतो, अशी दृश्ये त्यांनी कॅमेऱ्याच्या युक्तीने साधली व प्रेक्षकांस थक्क केले. परंतु आम्हास त्यांचे मोठेपण वाटते ते निराळ्याच गोष्टीत. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून ठरावीक अंतराने त्याची एकेक छबी टिपली, आणि दिवसानुदिवस चाललेली रोपाची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली. पुढे चित्रपट कसे तयार होतात हे समजावणारा एक लहान पटही त्यांनी काढला. चमत्कार दाखवावा आणि त्याचे मर्मही उघडून सांगावे, अशी ही वृत्ती होती. विज्ञानकथा पाहणाऱ्याने हीच वृत्ती अंगी बाणवावयाची आहे.

मराठीत या वृत्तीचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर होत. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. केंब्रिज येथे प्रा. फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन. १९७२ पासून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अध्यापन. आणि १९८८ साली पुणे येथे 'आयुका' या संस्थेची स्थापना. एवढा थोर खगोलशास्त्रज्ञ कथा लिहू लागला ती हकीकत विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावली की हे नाव निघते. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची नक्कल पत्नी मंगलाबाई यांच्याकडून करवून घेतली. कथेचे नाव 'कृष्णविवर'. तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या लेखनाची दखल घेतली. त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्या नाशिक नगरीत चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद याच विज्ञानकथाकारास देण्यात आले. प्रकृतीच्या कारणाने ते येथे येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुणे येथे ते निवर्तले.

या मालिकांच्या चर्चेत नारळीकरांचे नाव आणण्याचे कारण असे की, त्यांच्या कथांत कल्पना कितीही उंच उडाली तरी तिचा एक पाय विज्ञानाच्या नियमावर घट्ट असतो. कृष्णविवराचेच उदाहरण घ्या. गुरुत्वाकर्षण जेथे तीव्र तेथे घड्याळ मंद चालते, हा आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताचा निष्कर्ष होय. २०१४ च्या 'इंटरस्टेलर' या चित्रपटात एका ग्रहावरील एक तास म्हणजे पृथ्वीवरील सात वर्षे, हे दृश्य पाहून आमचे कित्येक विद्यार्थी थरारून गेले. त्या चित्रपटाचे सल्लागार किप थॉर्न यांस पुढे २०१७ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हा नियम चित्रपटापुरता आहे असे कोणी समजू नये. मोबाइलमधील नकाशास वाट दाखविणाऱ्या उपग्रहांतील घड्याळे पृथ्वीपासून दूर, म्हणजे क्षीण गुरुत्वाकर्षणात असतात. त्यांच्या वेगाचा परिणाम वजा जाता ती दररोज सेकंदाच्या सुमारे अडतीस दशलक्षांश भागाइतकी पुढे जातात. ही चूक दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात नकाशा सुमारे दहा किलोमीटर चुकेल. पंचवटीस निघालेला मनुष्य देवळालीस पोहोचावयाचा! कथेतील जो भाग सर्वांत अद्भुत वाटतो तोच कधी कधी सर्वांत खरा असतो, तो असा.

नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा इंग्रजी अनुवादाच्या रूपाने आमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. दत्त नावाचे एक हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतात. गणित करता तो पृथ्वीवर आदळणार असे दिसते. शास्त्रज्ञ गुप्तपणे बैठक घेऊन अण्वस्त्र असलेले यान पाठवितात व धूमकेतूचा मार्ग बदलतात. इकडे दत्तांच्या घरी धूमकेतूचा कोप टळावा म्हणून यज्ञ मांडला जातो, नातवासही त्यात बसवितात. आणि संकट टळल्यावर श्रेय मिळते ते यज्ञास. अण्वस्त्राचा भाग मुलांच्या लक्षात राहतो. आमच्या मते कथेचा गाभा यज्ञाच्या भागात आहे. ज्या घरात दुर्बीण आहे त्याच घरात तिच्यावरचा विश्वास नाही, ही स्थिती आपल्याकडे अजून पालटलेली नाही.

या कल्पनेची परीक्षा पुढे प्रत्यक्षात झाली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेचे 'डार्ट' हे यान डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटर रुंदीच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. त्यात स्फोटक मुळीच नव्हते. सेकंदाला सहा किलोमीटरांहून अधिक वेगाने दिलेली ती केवळ एक धडक होती. हा लघुग्रह एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी घालीत असे. फेरीत ७३ सेकंदांचा फरक पडला तरी प्रयोग यशस्वी मानावयाचा, असे आधी ठरले होते. प्रत्यक्षात फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. या लघुग्रहापासून पृथ्वीस धोका नव्हता, तालीम म्हणूनच तो निवडला होता. कथाकाराने साधन निराळे कल्पिले, परंतु मार्ग वेळीच किंचित वळविला तर पुरे, हे तत्त्व त्याने अचूक धरले होते.

आता मालिकांकडे वळू. आमच्या पिढीने दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' व 'इंद्रधनुष' पाहिल्या, आणि १९९८ साली 'कॅप्टन व्योम' याने पळून गेलेल्या गुन्हेगारांचा अंतराळात पाठलाग केला, तोही भान हरपून पाहिला. त्याच दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका लागत असे; अमेरिकेत ती ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली होती. तिचे चाहते इतके उत्साही की, त्यांनी राष्ट्राध्यक्षांस पत्रांवर पत्रे धाडली, आणि १९७६ साली नासाच्या पहिल्या 'स्पेस शटल' यानास मालिकेतील यानाचे 'एंटरप्राइझ' हे नाव देणे भाग पाडले. ते यान चाचणीपुरते उडाले, अंतराळात कधीच गेले नाही, हा दैवाचा विनोद.

याच मालिकेत माणसे एका जागी अदृश्य होऊन दुसऱ्या जागी प्रकट होतात. हे यंत्र लेखकांस का सुचले? दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखविण्याचा चित्रीकरणखर्च परवडेना, म्हणून! ही माहिती दिल्यावर वर्गात हशा पिकतो. परंतु त्यानंतर आम्ही विचारतो की, हे होऊ शकेल काय? मानवी शरीरात सातावर सत्तावीस शून्ये मांडावी इतके अणू असतात. प्रत्येकाची जागा टिपून, कळवून, पुन्हा रचावयाची. येथे वाद रंगतो, व तो रंगावा अशीच आमची इच्छा असते.

वादास उपयोगी पडेल अशी एक कसोटी सांगतो. दूरच्या ग्रहावरील नायक पृथ्वीशी बोलतो, तेव्हा उत्तर किती वेळाने येते ते पाहावे. प्रकाशास व बिनतारी लहरींस चंद्रापासून येण्यास सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, सूर्यापासून आठ मिनिटे वीस सेकंद, आणि मंगळापासून त्याच्या अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे. म्हणून मंगळावरील मनुष्य पृथ्वीवरील आईशी टेलिफोनवर बोलावे तसा बोलू लागला की लेखकाने डुलकी घेतली असे समजावे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा संदेशास एका बाजूने सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. इंजिन केव्हा पेटवावयाचे व केव्हा बंद करावयाचे याच्या आज्ञा त्यामुळे यानात आधीच भरून ठेवाव्या लागल्या. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांस त्या घटकेस वाट पाहण्याखेरीज काहीच करता येत नव्हते. ही प्रतीक्षा कोणत्याही कल्पित युद्धाहून कमी रोमांचक आहे काय? अंतराळातील स्फोटाचा धडाड आवाज हाही असाच तपासावा. जेथे हवा नाही तेथे ध्वनी कशातून जाणार?

मालिकांमुळेच शोध लागले, असेही चाहते हिरिरीने सांगतात. मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून किलोभराहून अधिक वजनाच्या फोनवर पहिले हातातील संभाषण केले, त्याची प्रेरणा 'स्टार ट्रेक' होती ही कथा जगभर पसरली आहे. खुद्द कूपर यांनी मात्र पुढे डिक ट्रेसी या चित्रकथेतील मनगटी रेडिओचे नाव घेतले. चाहत्यांनी आवडत्या मालिकेची बाजूही पुराव्यानेच मांडावी.

एक जुनी मालिका आम्हास आजच्या मुलांकरिता सर्वांत महत्त्वाची वाटते. नारळीकर केंब्रिजमध्ये संशोधन करीत असताना त्यांच्या गुरूंनी, फ्रेड हॉइल यांनी, जॉन एलियट यांच्यासह बीबीसीकरिता 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका रचिली. ती १९६१ साली दाखविली गेली. त्या काळी चित्रफिती पुसून टाकण्याची रीत असल्याने तिचा बहुतेक भाग आज उपलब्ध नाही. कथा अशी की, दूरच्या ताऱ्यांकडून रेडिओ संदेश येतो. तो उलगडता एक महागणकयंत्र कसे बांधावे याची ती कृती निघते. माणसे यंत्र बांधतात. ते उत्तरे देऊ लागते, मागण्या करू लागते, आणि सत्ताधारी लोक लाभाच्या आशेने त्याचे सर्व ऐकू लागतात. एकच शास्त्रज्ञ विचारीत राहतो की, हे यंत्र उत्तर कसे काढते हे आपणास ठाऊक आहे काय?

हा प्रश्न आता घरात येऊन बसला आहे. मोबाइलमधील संभाषणयंत्रास निबंध विचारला तर निबंध, गणित विचारले तर गणित, क्षणात हजर होते. अगणित लेखनाच्या अभ्यासातून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते हे ते यंत्र शिकलेले असते व त्या आधारे वाक्य रचते. त्यामुळे त्याची भाषा नेहमीच सफाईदार असते. पण बरोबर उत्तरात जी सफाई तीच चुकीच्या उत्तरातही असते. मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने त्यास पुष्कळ कमी मिळालेला असल्यामुळे आपल्या गावाविषयी, आपल्या ग्रंथकारांविषयी विचारताना अधिकच जपावे लागते. मालिकेतील मंगळावरचे संभाषण ज्याने वेळ मोजून पकडले, तोच विद्यार्थी यंत्राने दिलेली सनावळ ग्रंथालयात जाऊन पडताळील. म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, आठवड्यातून एक भाग मुलांबरोबर बसून पाहावा, आणि 'हे कसे घडले असेल?' एवढे तरी विचारावे. उत्तर आपणास येत नसले तरी बिघडत नाही.

परग्रहावरील संदेशाची गोष्ट निघालीच आहे, तर ते ऐकण्याजोगे कान आपल्याच रस्त्यावर आहेत हेही सांगतो. नाशिकहून पुण्यास जाताना नारायणगाव लागते. तेथून जवळच खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा जवळजवळ, उरलेल्या सोळा तीन दिशांस दूरवर पसरलेल्या. तबकडी भरीव पत्र्याची नसून तारांच्या जाळीची आहे. बिनतारी लहरी लांब असल्याने त्यांस जाळीची भोके जाणवत नाहीत, वारा मात्र त्यांतून निघून जातो, आणि त्यामुळे बांधणी हलकी व स्वस्त झाली. फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञानदिनाच्या सुमारास तेथे प्रदर्शन भरते, त्यात शाळांचे विद्यार्थी आपापले प्रयोग मांडतात. आमच्या विद्यालयातूनही एखादी तुकडी जावी.

जाण्यापूर्वी प्रत्येकाने एक गणित सोडवून आणावे. सूर्य वगळता सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. खोडदची दुर्बीण केवळ ऐकते, बोलत नाही; पण समजा, पृथ्वीवरून कोणी त्या ताऱ्याकडे आज संदेश पाठविला आणि तेथून तत्काळ उत्तर निघाले, तर ते येथे पोहोचेल तेव्हा आज पाचवीत असलेला विद्यार्थी कोणत्या इयत्तेत असेल?