‘चालेल’ म्हणायच्या आधी

परवा फोनवर तू एका दमात तीन गोष्टी सांगितल्यास. ऑफिसातल्या त्या नांदेडच्या मुलाशी तुझं जमलंय, तोच तुझा टीम लीड आहे, आणि घरी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरतेय. वर विचारलंस, “आत्या, नोकरी, घर आणि काका, तू कसं गं जमवलंस सगळं?” मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर मी उगाच शहाण्यासारखी बोलते. लिहायला बसलं की थापा मारायचा कंटाळा येतो.

तर खरं सांगते. सगळं जमलं नाही. काही जमलं, काही बुडालं. जे बुडालं त्यातलं निम्मं एका शब्दापायी बुडालं, आणि तो शब्द तुझ्या तोंडीही फार असतो: ‘चालेल’.

१९८२ साली मी फोर्टातल्या एका बँकेत क्लार्क म्हणून लागले. आमच्या शाखेत तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. दोन्ही हातांनी उचलावी लागणारी लेजरं होती आणि बॅलन्सिंगचे दिवस असायचे. टॅली होईपर्यंत घरी जायचं नाही. अशाच एका संध्याकाळी ६३ रुपयांचा फरक येत होता. साडेसात वाजले, माझी डोंबिवली लोकल केव्हाच गेलेली, डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी. शेजारच्या काउंटरवरचा मुलगा उठून आला आणि म्हणाला, “६३ ला ९ ने भाग जातो. म्हणजे आकडे उलटसुलट पडलेत. ८१ च्या जागी कुठे १८ लिहिलंय का बघा.” पाच मिनिटांत सापडलं. ‘बघा’ म्हणाला होता, ‘बघ’ नाही. ते अहोजाहो सुटायला पुढे दोन वर्षं लागली. तो मुलगा म्हणजे तुझे काका.

इथपर्यंत गोड आहे. पुढचं ऐक. १९८५ मध्ये ते ऑफिसर झाले आणि काही महिने दुसरीकडे काढून पुन्हा आमच्याच शाखेत आले. मी लिहिलेली व्हाउचरं पास व्हायला त्यांच्या टेबलावर जायला लागली. बँकेत नियम साधा असतो: लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. तपासणारा डोळा परका हवा, त्यासाठीच तो नियम. आमच्याकडे माणसं दोन होती, पण परका डोळा नव्हता. एकदा माझ्या हातून एका व्हाउचरवर खातेक्रमांक चुकला. त्यांनी माझं अक्षर बघितलं आणि सही केली. पैसे दोन दिवसांत जागच्या जागी आले, पण इन्स्पेक्शनला ते प्रकरण निघालं आणि दोघांना मेमो मिळाला. मेमोचं मला काही वाटलं नाही. डायनिंग रूममध्ये ‘संगनमत’ हा शब्द ऐकू आला, त्याचं वाटलं. आणखी एक लक्षात ठेव. त्यांचं प्रकरण लोक वर्षभरात विसरले. माझ्या मात्र पुढच्या प्रत्येक चांगल्या कामाला ‘साहेबांची कृपा’ चिकटली. ती निघायला शाखा बदलावी लागली.

म्हणून पहिलं काम हे कर. तुझ्या कामावर सही करणारा आणि तुझ्यावर जीव लावणारा माणूस एकच असता कामा नये. तुझं रेटिंग तोच लिहिणार ना? चांगलं लिहिलं तर लोक बोलणार, वाईट लिहिलं तर तुम्ही दोघं भांडणार. अप्रेझलच्या आधी दोघांपैकी एकाने टीम बदलायला हवी. आता तू लगेच म्हणशील, “मीच जाते दुसऱ्या प्रोजेक्टवर, मला चालेल.” थांब. कोण गेल्याने कोणाचं किती नुकसान, हे दोघांनी कागदावर मांडा. तो लीड आहे, दुसरीकडेही लीडच होईल. तुझं हे प्रोजेक्ट अर्ध्यावर आहे, क्लायंट तुला ओळखायला लागलाय. असं असेल तर त्याने जावं. या एका प्रश्नावर तो कसा वागतो ते नीट बघ. पत्रिका जुळवण्यापेक्षा जास्त कळेल.

मग एचआरला लेखी कळवा. बऱ्याच कंपन्यांचा नियमच असतो की एकमेकांच्या हाताखाली काम करणाऱ्यांचं नातं असेल तर ते सांगितलं पाहिजे. तुमच्याकडे काय आहे ते आधी वाच. मेल दोघांच्या नावाने, एकाच दिवशी जाऊ दे. लपवून उपयोग नसतो. आमचं आमच्या चहावाल्याला आमच्या आधी कळलं होतं. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या चॅटवर एक ओळसुद्धा खाजगी लिहू नकोस. ते यंत्र कंपनीचं, त्यातली अक्षरंही कंपनीचीच. आमच्या वेळी चिठ्ठी निदान फाडता यायची.

एक कडू गोष्टही सांगून टाकते. समजा उद्या मोडलं आणि मोडल्यावर त्याने, किंवा आणखी कुणी, तुला कामावर त्रास दिला, तर सहन करत बसू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल विशाखा खटल्याचा निकाल १९९७ मध्ये लागला, कायदा २०१३ मध्ये आला. त्याआधी आम्हाला तक्रार करायची तर बहुतेक वेळा ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याच केबिनमध्ये जावं लागायचं. आता १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती लागते आणि तिची अध्यक्ष बाईच असते. तक्रार ३ महिन्यांच्या आत द्यायची असते. ‘बघू, निवळेल’ करण्यात मुदत निघून जाते. मुलगा चांगलाच असेल गं. छत्री घेतली म्हणून पाऊस येत नाही.

आता घर. आईला सांगशील तेव्हा स्वयंपाकघरात सांगू नकोस. तिथे वहिनीचं अर्धं लक्ष गॅसवर असतं, ती ‘बघू’ म्हणते आणि ते ‘बघू’ मग सहा महिने पुरतं. गच्चीवर ने, नाहीतर गुडघ्याच्या डॉक्टरकडे रांगेत बसला असाल तेव्हा सांग. दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, मी बघते. तो आधी चिडेल, दोन दिवस पेपर वाचत असल्यासारखं करेल, आणि तिसऱ्या दिवशी विचारेल, मुलगा नांदेडात कुठे राहतो. तो प्रश्न आला की समज, निम्मं काम झालं.

पण सांगायला उशीर करू नकोस, त्याला एक सरकारी कारण आहे. जात वेगळी म्हणून तुम्ही नोंदणी पद्धतीने करायचं म्हणताय. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करायचं तर तुमच्यापैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती त्यांच्या कचेरीत लावतात. ३० दिवस वाट बघायची, आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. लग्नाला ३ साक्षीदार लागतात, एक मी आहेच. आता मुख्य गोष्ट. त्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. म्हणजे नांदेडात भिंतीवर लागणार. त्याच्या आईला हे मुलाच्या तोंडून कळावं, कचेरीत सातबाऱ्यासाठी गेलेल्या एखाद्या चुलत्याकडून कळू नये. नोटिशीच्या आधी त्याने गावी जाऊन यावं. तुला न घेता. पहिला आरडाओरडा सुनेने ऐकायचा नसतो, जन्मभर कानात राहतो.

ऑपरेशनचं म्हणशील, तर रजा घेण्याआधी तुझ्या भावाला फोन कर. ‘मदत कर’ म्हणू नकोस. मदत करणारा माणूस दर वेळी विचारतो, “काय करू सांग.” मग लक्षात ठेवायचं काम तुझ्याकडेच राहतं, आणि थकवतं ते लक्षात ठेवणंच. त्याला अख्खी कामं दे. बाबांच्या बीपीच्या गोळ्या तुझ्या, म्हणजे पाकीट संपत आलंय हे बघण्यापासून. फिजिओथेरपीवाली ठरवणं तुझं, म्हणजे ती आली नाही तर दुसरी शोधण्यासकट. पहिल्या महिन्यात तो दोनदा विसरेल. विसरू दे. मी इथेच चुकले. एकदा गॅसचा नंबर लावायला हे विसरले, तेव्हापासून पस्तीस वर्षं मीच लावतेय.

पैशाचं सांगायचा मला हक्कच आहे, अडतीस वर्षं बँकेच्याच खिडकीत गेली. लग्नाआधी त्याच्या कुठल्याही कर्जाला जामीन राहू नकोस. जामीनदाराला लोक शोभेचा समजतात. हप्ते थकले की बँक दोघांकडेही मागते. तो ताथवड्याला फ्लॅट बघतोय म्हणालीस. लग्नानंतर कर्जावर तुझं नाव हवं असेल तर करारनाम्यावरही हवं. सहकर्जदार झालं म्हणजे मालकी मिळते अशी कित्येक शिकलेल्या बायकांची समजूत मी काउंटरवर मोडली आहे. कर्जावर नाव म्हणजे फेडायची जबाबदारी, मालकी करारनाम्यावरच्या नावाने. एका बाईने अकरा वर्षं हप्ते भरले होते आणि घराच्या कागदावर ती कुठेच नव्हती.

लग्न झालं की भविष्यनिर्वाह निधीचं, विम्याचं, बँकेचं, सगळीकडचं नामनिर्देशन नव्याने कर. आणि मृत्युपत्र कर. तिशी उलटली नाही आणि आत्या हे काय बोलते, असं म्हणू नकोस. हिंदू वारसा कायद्यात अजून असं आहे की विवाहित बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याकडे आणि मुलांकडे जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर लागतो. ज्या दादाने कर्ज काढून तुला इंजिनिअर केलं, तो रांगेत नवऱ्याच्या वारसांच्या मागे. साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन हे बदलता येतं.

मूलबाळाचं आत्ताच बोलत नाही. एवढंच की नोकरी बदलायची असेल तेव्हा तारखा मोजून बदल. २६ आठवड्यांची पगारी रजा मिळायला त्याच ठिकाणी आधीच्या १२ महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं लागतं.

आता ‘चालेल’चं सांगते. १९९१ मध्ये मी ऑफिसरची परीक्षा पास झाले. नेमणूक अकोल्याला. मुलगा तीन वर्षांचा, सासूबाईंना दिसायला कमी झालेलं. रात्री जेवण झाल्यावर तुझे काका म्हणाले, “अकोल्याचं कसं करायचं गं?” त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. मी ताटं उचलता उचलता म्हटलं, “राहू दे ना, नाही गेले तरी चालेल.” झालं. कोणी अडवलं नाही, कोणी रडलं नाही, सासूबाईंनी तर काही विचारलंही नाही. पुढे दोनदा संधी आली, दोन्ही वेळा मला कोणी विचारायच्या आधीच मी सोडली. २०२० मध्ये मी क्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरतं. त्यांचं माझ्या जवळजवळ दुप्पट आहे.

निवृत्तीनंतर एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा मला जा का म्हटलं नाहीत? ते खरंच गोंधळले. म्हणाले, “मला वाटलं तुला जायचंच नव्हतं. तू किती पटकन म्हणालीस.” याचा मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरं होतं. मी पटकनच म्हणाले होते.

तेव्हा हे एवढं माझं ऐक. टीम बदलायची असो, रजा असो, त्याच्या आईवडिलांनी तुमच्याकडे राहायला येणं असो, ‘चालेल’ जिभेवर आलं की ‘उद्या सांगते’ म्हण. रात्र जाऊ दे. सकाळीही चालणार असेल तर खुशाल म्हण. मायेने सोडलेली गोष्ट आणि सवयीने सोडलेली गोष्ट त्या क्षणी अगदी सारखी दिसते, सकाळी वेगळी दिसते. मी अकोल्याला ‘उद्या सांगते’ म्हटलं असतं तरी कदाचित गेले नसते. पण मग ते मी ठरवलेलं असतं.

येत्या रविवारी सिंहगड एक्स्प्रेसने ये, कल्याणला उतर, तिथून लोकलने दहा-पंधरा मिनिटं. त्यालाही आण. जेवायला डाळिंब्यांची उसळ करते, म्हणजे सोलायला तो लागेल. तुझे काका त्याला नक्की विचारणार की बेरजेत ६३ चा फरक आला तर काय शोधशील. आधी सांगून ठेवू नकोस.